जीसीएस ३ लिहून झाला, पुढं काय? हेड इंज्युरीच्या कोमात ब्रेनस्टेम रिफ्लेक्स कसे बघायचे

डोक्याला जबर मार लागून पेशंट आलाय, कुणीतरी आधीच श्वासाची ट्यूब टाकलीय, डोळे मिटलेले, आणि केसपेपरवर एवढंच लिहिलंय की जीसीएस ३, प्युपिल पर्ला. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, शुद्धीचे ३ ते १५ मार्क, आणि प्युपिल पर्ला म्हणजे डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या, प्रकाशाला आणि अकोमोडेशनला प्रतिसाद देणाऱ्या. हा पर्ला शब्द बघितला की मला कळतं लिहिणाऱ्याने टॉर्च खिशातून काढलाच नाही, कारण त्यातला शेवटचा ए अकोमोडेशनचा, म्हणजे पेशंटला जवळच्या बोटाकडं बघायला सांगून तपासायची गोष्ट, आता कोमातल्या माणसाला ते कसं सांगितलं हे त्याचं त्यालाच माहीत.

हा लेख इंटर्न, सीएमओ (कॅज्युअल्टीचे डॉक्टर), आयसीयूच्या सिस्टर-ब्रदर आणि नवीन रेसिडेंट यांच्यासाठी आहे. नातेवाईकांनी वाचायला हरकत नाही, पण घरी कुणावर हे करून बघू नका.

जीसीएस १९७४ साली टीसडेल आणि जेनेट यांनी ग्लासगोत काढला आणि अजून त्याला तोड नाही. डोळे उघडणं (ई), बोलणं (व्ही) आणि हातपायांची हालचाल (एम) यांच्या मार्कांची ती बेरीज. पण त्याच्या दोन अडचणी आहेत. एक, तो ३ च्या खाली जात नाही, पेशंट मात्र जातो. ३ वर असलेल्या दोन पेशंटपैकी एकाची प्युपिल हलते, खोकला येतो, श्वास चालू असतो, दुसऱ्याचं यातलं काहीच नसतं, आणि कागदावर दोघं सारखेच दिसतात. दुसरी अडचण आपल्या सोलापूरची खास. पूर्व भागातला विणकर तेलुगू बोलणारा, अक्कलकोटकडून किंवा इंडी-विजयपूरकडून आलेला कन्नड बोलणारा, आणि आपण मराठीत ओरडतोय "आजोबा हात वर करा", तो करत नाही म्हणून एम६ चा एम५ होतो आणि व्ही तर गेलाच. म्हणून आधी भाषा विचारा. मावशींना नाहीतर नातेवाईकाला बोलायला लावा, किंवा दोन-दोन शब्द पाठच करून ठेवा, कन्नडमध्ये "कण्णु तेगी, कै एत्तु", तेलुगूत "कळ्ळु तेरू, चेय्यि एत्तु". ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या बुंध्याला, मात्र भाषा लागत नाही आणि ट्यूबची आडकाठीही फारशी येत नाही, म्हणून जीसीएस तळाला गेला की खरी माहिती तिथून मिळते.

टॉर्च हातात घ्यायच्या आधी

एअरवे, ऑक्सिजन, बीपी. हे पाठ आहे सगळ्यांना, पण इथं त्याला वेगळं कारण आहे. बीपी ७० असताना बघितलेली प्युपिल काही सांगत नाही, मेंदूला रक्तच पोचत नसेल तर दोन्ही प्युपिल मोठ्या आणि स्थिर दिसू शकतात आणि फ्लुइड-रक्त देऊन बीपी वर आणला की परत हलायला लागतात. म्हणून आधी सुधारा, मग बघा, आणि आधी बघितलंच असेल तर सुधारल्यावर परत बघा. ग्लुकोमीटर लावाच. दारूचा वास येतोय म्हणून "प्यालाय, उतरेल" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, प्यायलेल्या माणसाचंही डोकं फुटतं.

मग औषधं. मोहोळ, बार्शी, पंढरपूर, धाराशिवकडून रेफर होऊन आलेल्या पेशंटला वाटेत काय दिलं हे चिठ्ठीवर नसेल तर तिथं फोन करा. व्हेक्युरोनियमसारखं रिलॅक्संट, म्हणजे स्नायू लुळे करणारं औषध, दिलेलं असेल तर हातपाय, पापण्या, खोकला, श्वास सगळं बंद दिसणार, पण प्युपिल हलत राहते कारण तिथला स्नायू वेगळ्या जातीचा आहे, या औषधाला तो दाद देत नाही. फेंटानिल या वेदनाशामकाने प्युपिल बारीक होते. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाने जीसीएस पडतो. अंग गार पडलेलं असेल तरी रिफ्लेक्स मंदावतात, टेंपरेचर लिहा. आणि मानेचा एक्सरे किंवा सीटी होऊन मान ठीक आहे असं कुणी सांगितल्याशिवाय कॉलर काढायची नाही, हे खाली परत येणार आहे.

सामान फार नाही. चांगला टॉर्च, प्युपिलच्या मापाची पट्टी, निर्जंतुक कापूस, सलाईन, ऑटोस्कोप, ५० ची सिरिंज, फ्रीजमधलं थंड सलाईन आणि सक्शन कॅथेटर.

कोण कुठल्या मजल्यावर

ब्रेनस्टेम तीन मजली समजा. वर मिडब्रेन, तिथं प्युपिलचा रिफ्लेक्स. मध्ये पॉन्स, तिथं कॉर्नियाचा (डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याचा) रिफ्लेक्स आणि डोळ्यांची आडवी हालचाल. खाली मेड्युला, तिथं गॅग (घशाला स्पर्श झाल्यावर येणारी उबळ), खोकला, श्वास आणि बीपी-पल्स. वरून रक्ताची गाठ किंवा सूज दाबत आली की साधारण वरून खाली दिवे जातात, आणि सुधारत असेल तर खालून वर येतात. मूल्यमापनाची सगळी गंमत या क्रमात आहे. क्रम सोडून काही दिसलं, म्हणजे वरचं शाबूत आणि मधलंच गेलेलं, तर डोळ्याला, कानाला, चेहऱ्याच्या नर्व्हला थेट मार लागलाय का किंवा औषधाचा परिणाम आहे का ते शोधा. थेट पॉन्समध्येच रक्तस्राव असला तरी असं होतं.

याच क्रमावर बेल्जियममधल्या लिएजच्या लोकांनी १९८० च्या दशकात ग्लासगो-लिएज स्केल बनवला. जीसीएसच्या १५ मध्ये ब्रेनस्टेमचे ५ मिळवायचे, एकूण २०. शाबूत असलेला सगळ्यात वरचा रिफ्लेक्स बघायचा आणि त्याचा मार्क द्यायचा: भुवयांच्या मध्ये टिचकी मारल्यावर डोळे मिचकले तर ५, डोळ्यांची उभी हालचाल ४, प्युपिलचा प्रकाशाला प्रतिसाद ३, डोळ्यांची आडवी हालचाल २, डोळा दाबल्यावर पल्स मंदावली तर १, काहीच नाही तर ०. शेवटचा डोळा दाबायचा प्रकार मी तरी करत नाही आणि करा असं सांगणारही नाही. चेहऱ्याला मार लागलेल्या माणसाचा डोळा आतून फाटलेला असू शकतो आणि पल्स आधीच ५० असेल तर आपणच संकट ओढवून घेऊ. पण क्रम डोक्यात ठेवायला हा स्केल फार चांगला.

प्युपिल: इथं घाई करू नका

आयसीयूतली ट्यूबलाइट बंद करा. आपल्याकडच्या लोकांचे डोळे गडद तपकिरी, काळ्यावर काळं शोधायचं असतं, त्यामुळं टॉर्च समोरून न मारता बाजूने आणा म्हणजे प्युपिलची कड दिसते. आधी प्रकाश न टाकता दोन्हींचं माप मिलिमीटरमध्ये घ्या. "मिड डायलेटेड" असलं काही लिहू नका, ३ लिहा, ५ लिहा. मग एका डोळ्यावर प्रकाश टाकून दोन-तीन सेकंद थांबा, तोच डोळा बघा, थोडं थांबून परत प्रकाश टाका आणि आता दुसरा डोळा बघा. मग दुसऱ्या बाजूने तेच. झटकन हलली, हळू हलली की हललीच नाही ते लिहा. हळू हलणं हीसुद्धा बातमीच आहे, बऱ्याचदा पहिली.

एक प्युपिल मोठी आणि हलत नाही, तर दोन शक्यता वेगळ्या करायला शिका. समजा उजव्या डोळ्यावर प्रकाश टाकला, उजवी हलली नाही पण डावी बारीक झाली, म्हणजे प्रकाश आत पोचतोय, बाहेर जाणारी तिसरी नर्व्ह गेलीय, ही दाब वाढल्याची धोक्याची घंटा. उलट उजव्यावर टाकल्यावर दोन्ही हलल्या नाहीत आणि डाव्यावर टाकल्यावर दोन्ही हलल्या, तर उजव्या ऑप्टिक नर्व्हला मार लागलाय, त्या डोळ्याची नजर धोक्यात आहे, पण फक्त यावरून मेंदू खाली सरकतोय असं म्हणता येणार नाही. ऑप्टिक नर्व्हच्या केसमध्ये साध्या उजेडात दोन्हींचं माप सारखंच असतं, हीसुद्धा खूण आहे.

आता फसवणारे प्रकार. मोतीबिंदूचं जुनं ऑपरेशन झालेल्यांच्या प्युपिल वेड्यावाकड्या असू शकतात, नातेवाईकांना विचारा. डोळ्यावरच बुक्का बसला असेल तर नुसत्या त्या माराने प्युपिल मोठी राहते. नेब्युलायझरचा मास्क तिरका बसून आयप्राट्रोपियम एका डोळ्यात गेलं तर तीच प्युपिल फुगते आणि सगळ्यांची पळापळ होते. सीपीआरमध्ये ॲट्रोपिन, ॲड्रिनलिन दिलंय का बघा. फंडस (डोळ्याचा मागचा पडदा) बघायला म्हणून डोळ्यात थेंब टाकणाऱ्याला तर हेड इंज्युरीच्या वॉर्डात येऊच देऊ नका.

दोन्ही प्युपिल टाचणीच्या टोकाएवढ्या असतील तर पॉन्सचा रक्तस्राव किंवा ओपिऑइड (अफूच्या जातीची औषधं) हे पुस्तकातलं उत्तर, पण आपल्या जिल्ह्यात फवारणीचं औषध आधी आठवा. गाडीवरून पडला म्हणून आणतात, तोंडाला फेस, घाम, छातीत घरघर, कपड्यांना वास. विष पोटात गेल्यामुळंच तो गाडीवरून पडलेला असू शकतो. त्याचं उलट म्हणजे मण्यार. ऊसतोडीच्या हंगामात जमिनीवर झोपणारी माणसं, पहाटे शुद्ध नाही म्हणून आणलेला, कपाळाला किरकोळ खरचटलंय, पापण्या पडलेल्या, प्युपिल मोठ्या आणि स्थिर, काहीच रिफ्लेक्स नाही आणि सीटी मात्र नॉर्मल. मण्यारीच्या विषाने हे सगळं होतं आणि आतला माणूस शुद्धीवर असू शकतो. दंशाची खूण बऱ्याचदा सापडतही नाही. सीटी आणि तपासणी जुळत नसेल तर तपासणी चुकली असं लगेच धरू नका, निदान चुकलंय का तेही बघा.

कॉर्निया

कापसाचं टोक वळून बारीक करा, बाजूने आणून बुबुळाच्या कडेला काळ्या भागावर हलकेच टेकवा. पांढऱ्यावर किंवा पापणीच्या केसांना लावलं तर तो वेगळाच रिफ्लेक्स. सारखं सारखं तपासायचं असेल तर कापसाने कॉर्निया खरवडला जातो, त्यापेक्षा थोड्या उंचीवरून सलाईनचा थेंब सोडा. संवेदना पाचव्या नर्व्हने आत जाते, मिचकणं सातव्याने बाहेर येतं, म्हणून एका बाजूला हात लावला तरी दोन्ही डोळे बघायचे. हात लावलेला डोळा मिचकला नाही पण पलीकडचा मिचकला, तर पॉन्स काम करतंय, या बाजूची चेहऱ्याची नर्व्ह गेलीय, टेंपोरल हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये हे होतं. डोळे सुजून काळेनिळे बंद झाले असतील तर बळजबरीने उघडू नका, डोळ्याचा गोळा फाटलाय अशी शंका असेल तर हातच लावू नका, "सुजेमुळे तपासता आलं नाही" असं लिहा. तपासता आलं नाही आणि प्रतिसाद नाही यात फरक आहे, आणि कागदावर तो दिसलाच पाहिजे.

डोळ्यांची हालचाल

डॉल्स आय म्हणजे डोकं एका बाजूला झटकन वळवायचं आणि डोळे बघायचे. ब्रेनस्टेम शाबूत असलेल्या कोमात डोळे उलट्या दिशेने जातात, म्हणजे छताकडं बघत राहिल्यासारखे. गेलेलं असेल तर डोळे डोक्याबरोबरच फिरतात. आता ती मानेची गोष्ट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून धडकलेला, हेल्मेट नसलेला माणूस, डोक्याला एवढा मार बसलाय तर मानेला बसला नसेल कशावरून? मान क्लिअर झाल्याशिवाय ही टेस्ट करायचीच नाही, सरांनी राऊंडला विचारलं तरी नाही, सरळ सांगा की सर मान अजून क्लिअर नाही.

मग उरते कॅलोरिक, म्हणजे कानात थंड पाणी सोडून डोळे बघायची टेस्ट. डोकं ३० अंश वर, कॉलर असू द्या, आख्खा बेड तिरका केला तरी चालतो. आधी ऑटोस्कोपने कानात बघायचं. पडदा फाटलाय, रक्त येतंय, पाणी येतंय, तर तो कान सोडून द्या, नाहीतर मेंदूच्या आवरणापर्यंत इन्फेक्शन आपणच नेऊन ठेवू. मळ असेल तर टेस्ट खोटी निघते. सगळं ठीक असेल तर मऊ नळीने बर्फासारखं थंड पाणी किंवा सलाईन ३० ते ५० एमएल हळूहळू सोडा, खाली किडनी ट्रे धरा. दुसऱ्याने पापण्या उघड्या धरायच्या आणि पूर्ण एक मिनिट बघायचं. ब्रेनस्टेम चालू असेल तर दोन्ही डोळे गार कानाकडं सरकून तिथं थांबतात. त्याच बाजूचा डोळा बाहेर गेला पण पलीकडचा नाकाकडं आला नाही, तर दोन डोळ्यांची हालचाल जुळवणारा ब्रेनस्टेममधला जोड किंवा तिसरी नर्व्ह गेलीय. दुसऱ्या कानाआधी पाच मिनिटं थांबा. मे महिन्यात ४३ डिग्रीला सलाईन बाहेर काढून ठेवलं की टेस्ट सुरू होईपर्यंत कोमट होतं, म्हणून शेवटच्या क्षणी फ्रीजमधून काढा. दर तासाला करायची ही गोष्ट नाही, बाकीच्यातून चित्र स्पष्ट होत नसेल तेव्हाच करा.

गॅग, खोकला, श्वास

घशाच्या मागे दोन्ही बाजूंना स्पॅट्युला लावून गॅग बघतात, पण ट्यूब असताना त्यावर फार विसंबू नका. खोकला जास्त भरवशाचा. सक्शन कॅथेटर ट्यूबमधून आत टेकेपर्यंत घालायचा. नुसती ट्यूब हलवून खोकला आला नाही म्हणून "नाही" लिहायचं नाही. खोकल्याने डोक्यातला दाब वाढतो, म्हणून आधी १०० टक्के ऑक्सिजन द्या आणि सिस्टर नेहमीचं सक्शन करणारच असतील तेव्हाच बघून घ्या. आणि नाकातून काही घालू नका, कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असू शकतं, पोटात जाणारी राइल्स ट्यूबसुद्धा तोंडातूनच.

व्हेंटिलेटरवर असेल तर सेट केलेल्या रेटपेक्षा जास्त श्वास घेतोय का बघा. सर्किटमध्ये पाणी साचलं असेल तर मशीन फसतं आणि पेशंट ट्रिगर करतोय असं दाखवतं, पाणी काढून परत बघा. ट्यूब नसेल तर लय बघा, वाढत जाऊन कमी होत थांबणारा श्वास, सतत जोरजोरात धापा, की कसाही वेडावाकडा. हा शेवटचा मेड्युलाचा असतो आणि तेव्हा ट्यूबसाठी कुणाला विचारत बसायची वेळ गेलेली असते. बीपी चढतोय, पल्स उतरतेय आणि श्वास बिघडतोय असं तिन्ही जुळून आलं तर फार उशीर झालाय, त्याची वाट बघायची नसते.

लिहायचं कसं

रात्रीच्या हँडओव्हरसाठी कागदावर असं काहीतरी दिसायला पाहिजे: रात्री २.४०, बीपी १३० बाय ८०, मिडाझोलाम चालू, रिलॅक्संट नाही. ई१ व्हीटी एम३, उजवा हात वाकतो, डावा ताठ. प्युपिल उजवी ५ मंद, डावी ३ झटकन. कॉर्निया दोन्हीकडं आहे. डॉल्स आय केली नाही, मान क्लिअर नाही. खोकला आहे. स्वतःचा श्वास आहे. व्हीटी म्हणजे ट्यूबमुळे बोलणं तपासता येत नाही. यात ब्रेनस्टेमचा स्केल कुठलाच नाही आणि तरी वाचणाऱ्याला चित्र दिसतं. दुखवायचं कुठं तेही ठरलेलं असू द्या, खांद्याचा स्नायू चिमटा किंवा भुवईखालची खाच दाबा, छाती रगडू नका, आणि दोन्ही हातांत जो चांगला तोच एमचा मार्क.

आकड्यात बसवायचं असेल तर मेयो क्लिनिकने २००५ मध्ये काढलेला फोर स्कोअर बघा, त्यात ब्रेनस्टेमला ४ मार्क आहेत. प्युपिल आणि कॉर्निया दोन्ही आहेत तर ४, एक प्युपिल मोठी स्थिर ३, प्युपिल किंवा कॉर्निया यातलं एक गेलं २, दोन्ही गेले १, खोकलाही गेला ०. अजून सोपं म्हणजे २०१८ पासूनचा जीसीएस-पी. जीसीएसमधून न हलणाऱ्या प्युपिलची संख्या वजा करायची, जीसीएस ४ आणि दोन्ही हलत नाहीत तर २. फोनवर सांगायला हाच बरा.

सीटी आणि ऑपरेशनचा निर्णय होईपर्यंत अर्ध्या तासाने, नंतर तासाने जीसीएस आणि प्युपिल. ड्युटी बदलताना जाणारा आणि येणारा दोघांनी एकत्र टॉर्च मारायचा, म्हणजे "माझ्या वेळी ठीक होती" हा वाद उरत नाही.

प्युपिल बदलली तर

आधी ३ होती, आता ५ आणि हलत नाही, तर डोकं ३० अंश वर, मान सरळ, कॉलर किंवा ट्यूबची पट्टी गळ्याला आवळत नाही ना बघा, ऑक्सिजन आणि बीपी परत तपासा. मॅनिटॉल २० टक्के, किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५० ते ३०० एमएल, आणि लघवीची नळी हवीच. बीपी पडलेला असेल तर मॅनिटॉल नको, ३ टक्के सलाईन द्या. हे चालू असतानाच न्यूरोसर्जनला फोन आणि सीटीची तयारी, एकापाठोपाठ एक नाही. व्हेंटिलेटरचा रेट वाढवून कार्बन डायऑक्साइड ३० ते ३५ वर आणणं हे ओटीत पोचेपर्यंतचं काम आहे, रात्रभर चालू ठेवायचं नाही. आणि कुणी स्टिरॉइड लावत असेल तर थांबवा, २००४ च्या क्रॅश ट्रायलमध्ये दहा हजारांवर पेशंट होते आणि हेड इंज्युरीत स्टिरॉइडने मृत्यू वाढले.

नातेवाईक बाहेर विचारणार, "डॉक्टर, शुद्धीवर येईना झालाय, काय खरं सांगा". वय, एमचा मार्क आणि प्युपिल, या तिघांवर अंदाज बऱ्यापैकी उभा राहतो, हेड इंज्युरीत पुढं काय होईल याचा अंदाज देणाऱ्या इम्पॅक्ट मॉडेलचा गाभा हाच आहे. पण तो हजारो पेशंटचा अंदाज, या एकाचा नाही. दोन्ही प्युपिल स्थिर असतानाही हाडाखालची गाठ वेळेत काढल्यावर चालत घरी गेलेले पेशंट आहेत. त्यामुळं पहिल्या रात्री "काही उपयोग नाही" म्हणू नका आणि "होईल बरा" पण म्हणू नका. काय दिसतंय ते साध्या भाषेत सांगा, परत कधी बघणार ती वेळ सांगा, आणि त्या वेळेला खरंच बाहेर या.

सगळे रिफ्लेक्स गेले तरी ते लगेच ब्रेन डेड नाही, ती कायद्याची वेगळी प्रक्रिया आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं पॅनेल लागतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, सोबत ॲप्निया टेस्ट (व्हेंटिलेटर काढून स्वतःचा श्वास येतो का ते बघणं), आणि ते सगळं फॉर्म १० वर. त्याआधी औषधांचा अंमल उतरलेला, टेंपरेचर आणि बीपी ठीक, आणि कोमाचं कारण सीटीवर दिसलेलं असावं लागतं. म्हणून कॅज्युअल्टीतून फाइल वर पाठवताना "ब्रेन डेड" हे दोन शब्द त्यावर लिहू नका, कुठला रिफ्लेक्स किती वाजता नव्हता आणि त्या वेळी कुठलं औषध चालू होतं तेवढं लिहा.